धूर दारापाशी सोडायचा तर: साइड-एक्झिट एक्झॉस्टचा सगळा हिशेब

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे २००२ ची शेवरोले कॉर्व्हेट आहे, पाचव्या पिढीची, ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा गाडी चार स्टँडवर चढवलेली होती. मागचे दोन्ही मफलर, म्हणजे सायलेन्सर, काढून कोपऱ्यात उभे केले होते आणि दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या अलीकडे, मार्करने एक गोल आखून तो माझी वाट बघत बसला होता.

"दादा, इथून पाइप बाहेर काढतोय. तू एक्झॉस्टचंच काम करतोस ना? सांग, पॉवर किती वाढेल?"

पुण्यात बारा वर्षं मी एक्झॉस्टचे पाइप वाकवतोय, जोडतोय, मोजतोय. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कितीदा ऐकला त्याची गणती नाही. उत्तर तेच आहे. पाइप बाजूने काढला म्हणून ताकद वाढत नाही. वाढलीच, तर पाइपच्या वाटेत जे होतं ते काढल्यामुळे वाढते. बाजूने काढण्याचे फायदे आहेत, चांगले भरीव फायदे आहेत, पण ते जागेचे आणि वजनाचे आहेत. मोबदल्यात आवाज, उष्णता आणि विषारी वायू आपण गाडीच्या शेपटीकडून उचलून माणसांच्या शेजारी आणून ठेवतो. हा व्यवहार नीट समजून केला तर सुंदर होतो. मला स्वतःला साइड पाइप मनापासून आवडतात, म्हणूनच ते अर्धवट केलेले बघवत नाहीत.

इंजिनातून धूर कसा निघतो

नळातून पाणी यावं तसा धूर एकसारखा वाहत येतो, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. कुकरची शिट्टी आठवा. आत दाब कोंडलेला असतो, शिट्टी उचलली की 'फस्स' करून वाफ एका झटक्यात सुटते. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन जवळपास तळाला असतो, पण सिलिंडरमधला दाब अजून बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. व्हॉल्व्ह जागचा हलला रे हलला, की धुराचा मोठा हिस्सा पिस्टनने ढकलायच्या आधीच बाहेर झेपावतो. इंजिन ६००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर, असेल तर दर दोन फेऱ्यांना एक या हिशेबाने एका सिलिंडरमधून अशा सेकंदाला ५० शिट्ट्या होतात. आठ सिलिंडर असतील तर ४००.

प्रत्येक शिट्टीबरोबर पाइपमधून दाबाची एक लाट धावते. साध्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भर जोरात चाललेल्या इंजिनाच्या तापलेल्या धुरात तो ५५० मीटरच्या आसपास जातो. ही लाट पाइपच्या उघड्या तोंडाशी किंवा अचानक रुंद झालेल्या जागी पोहोचली की उलटून माघारी येते, पण येताना तिचं रूप बदलतं. दाबाची लाट ओढीची होऊन परतते. ती व्हॉल्व्हपाशी नेमकी योग्य क्षणी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि पाठोपाठ ताजी हवा आत यायला मदत करते.

दुसरी ओढ वेगाची. न थांबणारी फास्ट लोकल प्लॅटफॉर्मवरून धडधडत गेली की कागदाचे कपटे तिच्यामागे खेचले जातात, ते सगळ्यांनी पाहिलंय. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून गेला की मागे तशीच ओढ तयार होते, आणि चार पाइप जिथे एकत्र येतात त्या सांध्यावर ती पुढच्या सिलिंडरच्या कामी येते. हेडर म्हणतात त्या वेड्यावाकड्या पाइपांची लांबी सारखी ठेवण्यासाठी एवढी धडपड असते ती याच्याचसाठी.

आता मुद्द्याची गोष्ट. ही सगळी जादू इंजिनापासून पहिल्या मीटर-सव्वा मीटरमध्ये घडते. हेडर संपून पाइप एकत्र आले, की पुढच्या पाइपचं मुख्य काम एकच: धुराला आडवं न येणं. तो पुढे मागच्या बंपरखालून निघाला काय किंवा दाराखालून निघाला काय, पहिल्या मीटरला त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

"इंजिनला थोडा बॅकप्रेशर लागतोच" हे वाक्य गॅरेजमध्ये अजून ऐकू येतं. इंजिनला अडथळा कधीच लागत नाही. त्याला धुराचा वेग लागतो. फार रुंद पाइप टाकला की धूर रेंगाळतो, ओढ मरते आणि खालच्या आरपीएमला गाडी मंद वाटते. मग अरुंद पाइप टाकला की ती सुधारते, आणि श्रेय जातं बॅकप्रेशरला.

धूर अडतो कुठे? कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन), मफलरमध्ये, तीव्र वळणांवर, आणि मागचा ॲक्सल चुकवताना पाइप जिथे चेपलेला असतो तिथे. सरळ, गुळगुळीत, पुरेशा रुंदीच्या दोन मीटर पाइपमध्ये जो दाब वाया जातो तो या चौघांपुढे किरकोळ. म्हणजे मागचा सरळ तुकडा कापून टाकला तर हाती थोडंच लागतं.

याला गाडीजगतातला सगळ्यात चांगला पुरावा डॉज व्हायपरचा आहे. १९९२ मध्ये आलेल्या व्हायपर आरटी/१० ला ८ लिटरचं व्ही-१० इंजिन होतं, ४०० अश्वशक्तीचं, आणि दोन्ही दारांखालून निघणारे साइड पाइप ही तिची ओळख होती. मफलरसुद्धा त्या चिंचोळ्या जागेत कोंबलेले. १९९६ च्या मॉडेलवर कंपनीने ते पाइप काढून धूर मागे नेला, मध्यभागी एक मोठा मफलर आणि दोन रुंद तोंडं दिली. अडथळा कमी झाला आणि ताकद ४१५ अश्वशक्ती झाली. पाइप लांब झाला, मागे गेला आणि ताकद वाढली! कारण मफलरला मागे हातपाय पसरायला जागा मिळाली. (२००३ च्या नव्या व्हायपरवर साइड पाइप परत आले. लोकांना ते हवेच होते.)

टर्बो असलेल्या गाड्यांचा हिशेब थोडा वेगळा. तिथे लाटांची बहुतेक ताकद टर्बोचं चाक फिरवण्यात खर्ची पडते. टर्बोच्या पुढे जितकं मोकळं तितकं चांगलं, त्यामुळे आखूड रुंद पाइप थेट मडगार्डमधून बाहेर काढला तर टर्बो खरंच लवकर जागा होतो. ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांमध्ये असे पाइप दिसतात ते उगाच नाहीत. पण तिथेही फायदा मोकळेपणाचा आहे, दिशेचा नाही.

मग बाजूने काढायचाच कशाला

जुन्या शर्यतीच्या गाड्यांमध्ये उत्तर सोपं होतं: जवळचा रस्ता तोच. १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर घ्या. लांब बोनेटखाली आठ सिलिंडर एका रांगेत, आणि उजव्या कुशीतून बाहेर आलेले दोन जाड पाइप. स्टर्लिंग मॉसने त्या वर्षी इटलीतली मिले मिलिया शर्यत ७२२ क्रमांकाच्या याच गाडीत जिंकली, शेजारी वाट सांगायला डेनिस जेनकिन्सन. पाइप आखूड, वजन कमी, दुरुस्तीला हात थेट पोहोचतो.

पुढे अमेरिकेत कॅरोल शेल्बीच्या कोब्राने, विशेषतः १९६५ च्या ७ लिटरच्या ४२७ कोब्राने, साइड पाइपला रूप दिलं. त्याच वर्षी शेवरोलेने कॉर्व्हेटवर साइड पाइप हा कारखान्यातूनच मिळणारा पर्याय ठेवला. दाराखाली लांबलचक पाइप आणि त्यावर खाचा पाडलेलं चकाकतं आवरण, म्हणजे उतरणाऱ्याचा पाय सरळ तापल्या लोखंडाला लागू नये. अमेरिकेत आज कॉर्व्हेट-मस्टँगला जे साइड पाइप लावले जातात, त्यांचं कूळ हे.

नव्या काळातलं कारण अधिक गंमतीचं आहे आणि ते गाडीच्या पोटाखाली आहे. वेगात गाडीखालची हवा सपाट तळावरून सरकवून मागे हळूहळू रुंद होणाऱ्या बोगद्यातून सोडली, तर गाडी रस्त्याला चिकटते. त्या बोगद्याला डिफ्यूझर म्हणतात. पण नेमकी तीच जागा मफलर आणि मागच्या पाइपांनी बळकावलेली असते. मर्सिडीज एसएलआर मॅक्लारेनमध्ये, जिचं नावच त्या ३०० एसएलआरवरून आलंय, पाइप पुढच्या चाकांच्या मागे बाजूने काढले, आणि तळ सपाट ठेवून शेपटीला डिफ्यूझर दिला. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्या टाइम अटॅकच्या मॉडिफाइड गाड्यांमध्ये साइड एक्झिट दिसतं तेही बरेचदा याच कारणाने.

आणि वजन. तीन इंची, दीड मिमी जाडीचा स्टेनलेस पाइप मीटरला २.८ किलोच्या आसपास भरतो. अडीच मीटर वाचला तर ७ किलो, आणि मागचा आठ-दहा किलोंचा मफलर काढून बाजूला हलका बसवला तर तिथेही काही किलो. ट्रॅकवर हे जाणवतं, शिवाय ते मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबणारं वजन असतं, म्हणजे वळणावर सगळ्यात त्रास देणारं. कामावर जायच्या रस्त्यावर मात्र पेट्रोलची टाकी थोडी कमी भरून तेवढाच फरक पडेल.

आवाज: इथे खरी परीक्षा

त्या उन्हाळ्यात मावसभावाने माझं अर्धंच ऐकलं. मी परत आल्यावर त्याने दोन्ही बाजूंना एक-एक पाइप सरळ बाहेर काढला, मधली जोडणी काढून टाकली, आणि मफलर म्हणून दोन लहानशा नळकांड्या लावल्या. पहिल्या रविवारी मावशीला मंदिरात घेऊन निघाला. वीस मिनिटांत मावशी म्हणाली, "अरे बाळा, हे बंद कर जरा, डोकं भणभणायला लागलं." बंद करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मावशीच्या डोक्यात जे भणभणत होतं त्याला इंग्रजीतून आलेला शब्द ड्रोन. ते समजून घेण्यासारखं आहे.

व्ही-८ मध्ये चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. अमेरिकन व्ही-८ च्या क्रँकची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची, रचना अशी असते की आठही सिलिंडर मिळून ठोके समान अंतराने पडतात, पण एकाच बाजूचे चार ऐकले तर ते लंगडतात. अंशांत मोजायचं तर ९०, १८०, २७०, १८०. तबलजीने एक मात्रा आधी घ्यावी आणि पुढची उशिरा, तसं. दोन बाजूंचे पाइप मध्ये कुठेच न मिळता वेगवेगळे बाहेर काढले, की उजव्या कानाला चार सिलिंडरचा एक लंगडा ठेका ऐकू येतो आणि डाव्याला दुसरा. ती गुरगुर पुष्कळांना आवडते, कोब्राच्या आवाजात ती आहे. पण तिच्यात खालचे सूर फार असतात. पहिल्या व्हायपरबद्दल तक्रार होती तीही याच घराण्यातली: प्रत्येक बाजूला पाचच सिलिंडर, त्यामुळे दहा सिलिंडरचा एकसंध आवाज कानावर कधी आलाच नाही.

आता आकडे. हायवेवर इंजिन १८०० आरपीएमवर असेल, तर आठ सिलिंडरचे मिळून सेकंदाला १२० ठोके, म्हणजे १२० हर्ट्झ. एका बाजूच्या चार सिलिंडरचे सरासरी ६०. असा खोल सूर मारायचा साधा उपाय म्हणजे पाइपला जोडलेली एक बंद तोंडाची आडवी नळी. लाट तिच्यात शिरते, टोकाला आपटून परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर मूळ लाटेच्या नेमकी उलट्या चालीने येऊन तिला खाऊन टाकते. ही लांबी लाटेच्या लांबीच्या पाव हिस्सा लागते. हायवेला पाइपमधला धूर ३०० अंश सेल्सियसच्या आसपास धरला तर आवाजाचा वेग सुमारे ४७५ मीटर. १२० हर्ट्झसाठी नळी हवी साधारण १ मीटर. ६० हर्ट्झसाठी २ मीटर.

साइड एक्झिटची अडचण इथे उघडी पडते. खालचे सूर मारायला लांबी किंवा मोठा पोकळ डबा लागतो, आणि साइड एक्झिट करताना आपण नेमकी लांबी आणि डब्याची जागाच देऊन टाकलेली असते. काचेचा किंवा सिरॅमिकचा कापूस भरलेला, आत भोकांचा सरळ पाइप असलेला मफलर लहान असला तरी वरचे कर्कश सूर छान शोषतो. खालच्या सुरांपुढे मात्र तो हतबल असतो. म्हणून अशा गाड्या बाहेर उभं राहून ऐकल्या तर मस्त वाटतात आणि आत बसून तासभर चालवल्या तर नकोशा.

त्यात अंतर. आवाजाचं तोंड निम्म्या अंतरावर आलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल वाढतात. तीन मीटरवरचं तोंड दीड मीटरवर आलं की ६, त्यात मफलर लहान केल्याचे आणखी पाच-सात. आणि १० डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

मी त्याला फोनवर सांगितलं: दोन बाजू आधी मध्ये एकत्र आण, एक्सच्या आकाराचा सांधा टाक, मग पुन्हा फुटून बाजूला जाऊ दे. सांध्यात दोन्हीकडचे ठोके मिसळतात, लंगडेपणा बराच जातो, जोर ६० वरून १२० हर्ट्झकडे सरकतो, आणि मग एक मीटरची नळी तरी बसवता येते. कॉर्व्हेटच्या मधल्या बोगद्यात तेवढी जागा निघते.

उष्णता, आणि पाइपची हालचाल

महाराष्ट्रात दुचाकीवर वाढलेल्या निम्म्या माणसांच्या पोटरीवर सायलेन्सरच्या चटक्याचा डाग सापडेल. माझ्या उजव्या पोटरीवर आहे, सहावीतला. कातडी ६० अंशांच्या धातूला काही सेकंद टेकली तरी भाजते, आणि साइड पाइप त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो. पहिल्या व्हायपरच्या दाराखालची पट्टी पोटऱ्या भाजण्यासाठी अशी प्रसिद्ध होती की गाडीत सूचना देणारी पट्टी चिकटवलेली असे. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण जोरावर बाहेर पडताना ८०० ते ९०० अंशांवर असतो. लांब पाइपमधून मागे जाईपर्यंत तो पुष्कळ निवतो. पाइप आखूड केला की तो निवायची वाटही आखूड होते. साइडस्कर्ट प्लास्टिकचे, जवळ टायर, ब्रेकची रबरी नळी, पेट्रोलची लाइन. म्हणून ॲल्युमिनियमचं दुहेरी कवच आणि मध्ये हवेची फट ही चैन नव्हे. नुसतं कापडी पट्ट्याने गुंडाळणं मला फारसं पटत नाही. ते ओलावा धरून ठेवतं आणि पाइप आतल्या आत सडतो.

याहून कमी बोललं जातं ते हालचालीबद्दल. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस प्रत्येक अंशाला, मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन वाढतं. दीड मीटरचा पाइप ५०० अंशांनी तापला की १३ मिमी लांब होतो. जवळपास करंगळीच्या रुंदीएवढा! शिवाय इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं. उभ्या बसवलेल्या व्ही-८ ला रेस दिली की ते एका बाजूला कलतं, आणि त्याला जोडलेला पाइपही त्याच्याबरोबर झुलतो. मागे जाणाऱ्या लांब पाइपला तीन मीटरमध्ये ही हालचाल मुरवता येते. बाजूला वळलेल्या आखूड पाइपमध्ये ती सगळी एका वळणावर येऊन आदळते.

मावसभावाने पाइपचं तोंड दिसायला छान यावं म्हणून पट्टी मारून बॉडीला घट्ट बांधलं होतं. तीन आठवड्यांनी त्याने फोटो पाठवला. एक्झॉस्टचा आवाज अचानक फाटका झाला म्हणून तो खाली शिरला, तर वेल्डिंगच्या कडेला, अगदी टाका संपतो त्या रेषेत, केसासारखी चीर. टाका तुटला नव्हता. त्याच्या शेजारचा पातळ झालेला धातू तुटला होता. चीर नखाला लागत होती आणि तिच्याभोवती काजळीचा पंखा उमटला होता. असा पंखा दिसला की धूर तिथून किती दिवस निसटतोय ते कळतं. पाइपच्या आतल्या बाजूला टाक्यावर काळी खरखरीत साखर जमलेली. स्टेनलेस जोडताना पाइपच्या आत आर्गॉन वायू भरून ठेवला नाही तर आतला धातू हवेत जळतो आणि असा दाणेदार होतो. तो ठिसूळ असतो, धुराच्या वाटेत अडथळाही होतो. बाहेरून टाका इंद्रधनुष्यासारखा सुंदर दिसत असतो, त्यामुळे कुणी आत बघत नाही. वेल्डरकडे गेलात तर हेच पहिलं विचारा: आतून आर्गॉन सोडणार का?

उपाय सोपा होता. इंजिनाकडे एक जाळीचा लवचीक तुकडा, तोंडाजवळ घट्ट पट्टीऐवजी रबरी हँगर, आणि तोंडाभोवती बॉडीपासून वीस मिमीची मोकळी फट.

बॉडीवरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. दाराखालची पेटीसारखी पट्टी, जिला सिल म्हणतात, ती शोभेची नाही. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये बाजूने धडक बसली तर माणूस वाचतो तो काही अंशी तिच्यामुळे. तिला भोक पाडून पाइप काढणारे लोक मी पाहिले आहेत. कुणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू नका. पाइप तिच्या खालून न्या. जागा कमी असेल तर तिथे चपटा, अंडाकृती पाइप वापरा. त्यात जमिनीपासूनची उंची जाते, आणि आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ती फार मोलाची असते.

ज्याला वास नाही तो वायू

मॉडिफिकेशनच्या गप्पांमध्ये कार्बन मोनॉक्साइड क्वचित येतो, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा शेकडो पट घट्ट चिकटतो. सिग्नलला गाडी उभी, काच खाली, आणि पाइपचं तोंड खिडकीच्या बरोबर खाली. वाऱ्याची दिशा तेवढी चुकली की झालं. मडगार्डमधून, म्हणजे दाराच्याही पुढे धूर सोडणाऱ्या गाडीत तो चालतानाही खिडकीवरूनच मागे जातो. त्यातून कॅटकॉन काढलेला असेल तर हा वायू किती तरी पटींनी वाढतो. म्हणून तोंड दाराच्या मागे हवं, बॉडीच्या कडेपर्यंत पुरेसं बाहेर आलेलं हवं, आणि किंचित मागे झुकलेलं हवं. मावसभावाने आखलेला तो गोल मी पहिल्याच दिवशी पंधरा सेंटिमीटर मागे सरकवायला लावला होता, तो यासाठी.

कॅटकॉन ठेवून साइड एक्झिट करता येतं, हे अनेकांना माहीतच नसतं. तो सुमारे २५०-३०० अंशांना काम करू लागतो, म्हणून नव्या गाड्यांत तो इंजिनाला खेटूनच बसवलेला असतो. साइड एक्झिटचा पाइप त्याच्यानंतर सुरू होतो. त्याला हात लावायचं कारणच नाही.

ऑक्सिजन सेन्सरची एक खोड सांगून ठेवतो. त्याच्यापासून उघडं तोंड फार जवळ आलं, की मंद चालीत ओढीची लाट बाहेरची ताजी हवा पाइपमध्ये मागे खेचते. सेन्सरला वाटतं इंजिनात पेट्रोल कमी पडतंय, तो तसं कळवतो, आणि संगणक पेट्रोल वाढवतो. गाडी पेट्रोल पिते, प्लग काळे पडतात, आणि माणूस इंजेक्टर साफ करत बसतो. इंजेक्टरचा त्यात काही दोष नसतो.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा कॅटकॉन काढणं हे स्वच्छ हवेच्या केंद्रीय कायद्याविरुद्ध आहे. कॅलिफोर्नियात साध्या मोटारींच्या एक्झॉस्टला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. न्यू जर्सीत तपासणीला गाडीच्या संगणकाला यंत्र जोडतात, आणि कॅटकॉन गेल्याचा पी-०४२० कोड दिवा पेटवून बसला असेल तर गाडी नापास.

आपल्याकडे रस्त्याची डावी बाजू हाच मूळ विचार आहे. डावीकडे फुटपाथ असतो, माणसं असतात. म्हणून आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११२ वा नियम मोटारसायकली वगळता सांगतो: धूर डावीकडे सोडायचा नाही. पुढचा ११३ वा नियम एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या लाइनपासून ३५ मिमीच्या आत नको म्हणतो. पट्टी लावून मोजण्यासारखा आकडा आहे, मोजा. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाइप काढलेली कोब्रासारखी रचना आपल्याकडे घरच्या घरी केली तर डावा पाइप तिथेच अडला. कंपनीने रीतसर चाचण्या करून, प्रमाणपत्र घेऊन विकलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. गॅरेजमध्ये केलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम लागतं, आणि आवाज-धुराच्या उल्लंघनाला १९० वं, ज्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण पेपरात पाहतोच.

एक गोष्ट मला यात खटकते. आपल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. धूर उजवीकडे काढला की तो चालवणाऱ्याच्याच खिडकीखाली, आणि सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या दुचाकीवाल्याच्या पोटरीपाशी. फुटपाथवरचा माणूस वाचला, हा भाजला. म्हणून पुण्या-मुंबईच्या गर्दीत चालणाऱ्या गाडीला मी साइड एक्झिट करून देत नाही. ट्रॅकसाठी किंवा धावपट्टीवरच्या शर्यतींसाठी ठेवलेल्या गाडीला आनंदाने करतो.

मागच्या सप्टेंबरात मी पुन्हा न्यू जर्सीला गेलो आणि आम्ही ते सगळं उपसून नव्याने बसवलं. कॅटकॉन जागच्या जागी. मागे एक्सचा सांधा, त्याला एक मीटरची बंद नळी, फ्रेमच्या रेलखालून अंडाकृती पाइप, दाराच्या मागे बाहेर आलेली दोन तोंडं. आतून आर्गॉन मी स्वतः सोडला. चार दिवस गेले. ताकद मोजायला त्याने गाडी कुठे नेली नाही, मीही विचारलं नाही.

शनिवारी मावशीला घेऊन दीड तासाची फेरी मारली. ती पुढे बसली होती, हायवेला लागल्यावर तिने आपणहून रेडिओ लावला. परत आल्यावर गाडी तापलेली असतानाच मावसभाऊ गुडघ्यांवर बसला आणि टॉर्च मारून तोंडाभोवतीची फट पट्टीने मोजू लागला. थंड असताना वीस मिमी होती.

"आठ उरलीय, दादा."

"टेकतंय का कुठे?"

त्याने पातळ पुठ्ठ्याची पट्टी फटीतून एक फेरा फिरवली. ती कुठेच अडली नाही.